मिरवणे की मिळून करणे?



संध्याकाळी मुले शाळेतून घरी येतात, दप्तर एका कोपऱ्यात पडते आणि टीव्हीवर कार्टून सुरू होते. आपण मोठी माणसे त्याकडे फारसे लक्ष देत नाही. मुले गप्प बसली आहेत, एवढ्यावरच आपले समाधान असते. पण गप्प बसलेली ती मुले त्या वेळी काहीतरी शिकत असतात. ती काय शिकतात हे पाहणे आपले काम आहे.

मुलांच्या जवळजवळ प्रत्येक कार्टून मालिकेत एक ठरलेला भाग येतोच. चमूतला एखादा गडी फार हुशार असतो, बळकट असतो किंवा वेगाने पळणारा असतो. सगळ्यांनी आपल्याकडे पाहावे असे त्याला वाटते. तो सोबत्यांना मागे टाकून एकटाच पुढे जातो आणि फसतो. मग बाकीचे मिळून त्याला सोडवतात, अडलेले कामही पूर्ण करतात आणि शेवटी सगळे हसतात. वीस मिनिटांत धडा संपतो : शेखी मिरवू नये, मिळून काम करावे.

धडा चांगलाच आहे. पण तो मुलांच्या मनात उतरतो का? २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झालेली ‘छोटा भीम’ ही मालिका आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. ढोलकपूरच्या त्या गोष्टींत फुशारकी मारतो तो कालिया, आणि त्याची फजिती झाली की मुले टाळ्या पिटतात. मिरवणे वाईट, हे त्यांना पटते. पण त्याच वेळी त्यांना हेही दिसते की संकट आले की भीमाने लाडू खायचा, अंगात बळ आणायचे आणि शत्रूला लोळवायचे. जयजयकार भीमाचा होतो. म्हणजे कालियासारखे होऊ नये, भीमासारखे व्हावे, एवढेच मूल शिकते. दोघांचेही डोळे आपल्याकडे लागावेत ही इच्छा मात्र तशीच राहते.

आपणही मुलांना वेगळे काय सांगतो? शाळेत पहिला नंबर आण, बक्षीस मिळव, शेजारच्या मुलापेक्षा दोन गुण जास्त घे, असे वर्षभर सांगायचे आणि खेळताना भांडण झाले की ‘मिळून राहा’ म्हणायचे. मूल गोंधळते. खरे तर आपणच गोंधळलेले असतो. अंगात गुण असणे हे पाप नाही. आपल्या कष्टाची कोणी दखल घ्यावी असे वाटणेही स्वाभाविक आहे. मग मिरवणे नेमके सुरू कुठे होते? या प्रश्नाचे उत्तर आपण लांब शोधायला नको. ते आपल्याच जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या पाळीवर उभे राहिले की सापडते.

नवेगाव बांधचा तलाव अकराएक चौरस किलोमीटर पसरलेला आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधवला, अशी परंपरा आहे. चांद्याच्या गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन मिळेल, असा नियम केला होता असे सांगतात. कोहळी समाजाने या झाडीपट्टीत तलाव बांधण्याची विद्या जोपासली. डोंगरांमधली मोक्याची जागा हेरायची, तिथे पाळ घालायची आणि पावसाचे पाणी अडवायचे, यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. कोलू पाटील त्यांच्यातला मोठा माणूस. लोकांनी पुढे त्यांना देवपण दिले. कोलासुर देव म्हणून तलावाजवळ त्यांचे ठाणे आहे.

पण लोकांनी गोष्ट तिथेच संपवली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि या सात बहिणींनी कोलू पाटलाला बांध घालायला मदत केली असे मानतात. ही कथा कोणाला खरी वाटो किंवा न वाटो, तिच्यातले शहाणपण खरे आहे. एवढा मोठा बांध एका माणसाने घातला असे म्हणायला लोकांची जीभ रेटली नाही. ज्या माणसाला त्यांनी देव केले, त्यालाही त्यांनी सोबती दिले. आणि डोंगर मधे असल्यामुळेच तिथे पाणी अडू शकले, हेही त्या कथेत आपोआप सांगितले गेले. यंत्रे नसलेल्या त्या काळात टोपलीने माती वाहणाऱ्या असंख्य बायाबापड्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांची थोडीतरी आठवण या कथेत राहिली आहे असे आम्हाला वाटते.

मोठे काम करणारा माणूस मिरवतो आहे की नाही, हे त्याच्या गुणांवरून ठरत नाही. तो आपली गोष्ट सांगतो तेव्हा त्या गोष्टीत दुसऱ्या कोणाचे नाव येते का, यावरून ते ठरते. मिरवणारा माणूस खोटेच बोलतो असे नाही. त्याने केलेले त्याने केलेलेच असते. पण तो उरलेल्यांची नावे गाळतो. भीमाचे बळ खरे, पण ते लाडू टुनटुन मौसीने वळलेले असतात. त्यासाठी कोणीतरी बेसन भाजले, कोणीतरी हरभरा पिकवला. ते एकदा ध्यानात आले की बळ तेवढेच राहते, ताठा मात्र उतरतो.

नावे न गाळणाऱ्या एका माणसाचे उदाहरणही नवेगावचेच आहे. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी होते आणि त्यांची काही वर्षे नवेगाव बांधला गेली. हाताशी अधिकार, जोडीला अभ्यास आणि लेखणी. एवढे असलेल्या माणसाने सगळे जंगल आपणच शोधले असे लिहिले असते, तर वाचकाला ते खरे वाटले असते. पण नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून आपण जंगल शिकलो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक मराठी वाचकांना माहीत आहे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. माधवरावांचे नाव घेतल्यामुळे त्यांचा मोठेपणा कणभरही घटला नाही. उलट त्यांच्यामुळेच दूरदूरच्या वाचकांना माधवराव पाटील माहीत झाले.

इथे कोणी म्हणेल, ‘हे सगळे ठीक आहे, पण मिळून करायचे म्हटले की काम बिघडते. चौघे राबतात आणि सोळा जण फोटोपुरते येतात.’ या म्हणण्यात तथ्य आहे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. मिळून करणे या नावाखाली आळसही लपतो, आणि खरे राबणाऱ्यावर अन्यायही होतो. म्हणून या बाजूचाही विचार केला पाहिजे.

त्यासाठी पुन्हा तलावाकडेच जाऊ. पूर्व विदर्भात असे लहानमोठे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. जुन्या काळी मालगुजार आणि गावकरी मिळून त्यांची देखभाल करत. पाळीची डागडुजी, पाटांची सफाई, पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे याचा ठराव, प्रत्येक कामाला कोणीतरी ठरलेले होते. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. तीत मालगुजाराचा वरचष्मा होता आणि राबणाऱ्याला न्याय मिळेच असे नाही. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर प्रत्येकाची ठरलेली जबाबदारीही हळूहळू गेली. तलाव सगळ्यांचे झाले आणि बघायला कोणी उरले नाही. अनेक तलावांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली, मासे कमी झाले.

नुसते एकत्र असणे म्हणजे मिळून करणे नव्हे, हे यावरून कळते. मिळून करण्यात प्रत्येकाच्या वाट्याला एक नेमके काम येते, आणि कोणी पाहत नसतानाही ते पूर्ण करावे लागते. धानाच्या रोवणीत हेच दिसते. ओळीत वाकलेल्या बाया एकमेकींच्या हाताचा वेग पाहून पऱ्हे लावत मागे सरकतात. एकीने आपला झपाटा दाखवायला धाव घेतली तर ओळ मोडते. एकीने हात आखडला तरी ओळ मोडते. दोन्ही चुका सारख्याच नुकसानीच्या आहेत.

बिघडलेले पुन्हा सुधारता येते, हेही आपल्या भागातल्या लोकांनी दाखवले आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाचे मच्छीमार, त्यांच्या सहकारी संस्था, गावोगावच्या बाया आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांच्यासारखे अभ्यासक यांनी मिळून काही तलावांत पुन्हा जीव आणला. बेशरम उपटून काढली. कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला लागते, हे जाणत्या ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्या वनस्पती शोधून तलावात पुन्हा लावल्या. नोंदी ठेवायला शिकलेला माणूस हवा होता, पाण्यात उतरून झाड ओळखायला मच्छीमार हवा होता, आणि काठावरचा रोजचा वापर जाणणाऱ्या बाया हव्या होत्या. यांपैकी कोणालाही एकट्याला ते साधले नसते. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण गावातला प्रत्येक जण आपापले काम नीट करील, तेव्हाच ती खरी ठरते.

नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात रानकुत्री आहेत. एकटे रानकुत्रे सांबराला हात लावू शकत नाही, पण कळप मिळून शिकार साधतो. पोट भरल्यावर ती परत येऊन आपल्या पोटातले अन्न बिळाजवळच्या पिलांसाठी ओकून काढतात. आपण म्हणू, प्राण्यांना जमते ते माणसाला का जमू नये? पण रानकुत्र्याला टाळ्या नको असतात. माणसाला त्या हव्या असतात, म्हणूनच हे त्याला अवघड जाते, आणि म्हणूनच त्याने ते जमवले तर त्याला मोल आहे.

ही अडचण फार जुनी आहे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले, तेव्हा तिथे कोणाचे कृपादान मोठे यावरून चढाओढ लागली होती. त्याने त्यांना शरीराची आणि अवयवांची उपमा दिली, ती आपण अनेकदा ऐकली आहे. तुमचे गुण टाकून द्या, असे त्याने सांगितले नाही. ते गुण कोणाच्या उपयोगासाठी आहेत, याची त्याने आठवण करून दिली. जो अवयव दुर्बळ किंवा दिसायला साधा, त्याचा मान राखला पाहिजे, हेही त्याने आवर्जून सांगितले.

आपल्या धर्मग्रामात काय चालते, ते आपण सगळेच जाणतो. सणाची तयारी सुरू झाली की पत्रिकेत कोणाचे नाव आधी आले, पुष्पगुच्छ कोणाला मिळाला, व्यासपीठावर कोण बसले, यावरून माणसे रुसतात. गायनमंडळात ज्याचा गळा चांगला तो एवढा चढवून गातो की बाकीच्यांचे सूर ऐकूच येत नाहीत. दुसरीकडे, सण झाल्यावर रात्री उशिरापर्यंत भांडी घासणाऱ्या, सतरंज्या गुंडाळणाऱ्या हातांची आठवणही कोणाला होत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे खरे आहे. पण खोल पाण्याकडे कोणी पाहिलेच नाही, तर त्याला वाईट वाटणारच. ज्याने मुकाट्याने काम केले त्याने मुकाटच राहावे, असे सांगणेही न्यायाचे नाही. त्याचे नाव घेणे हे बाकीच्यांचे कर्तव्य आहे.

मुलांना एवढे तरी शिकवता येईल. कार्टून संपल्यावर ‘भीम जिंकला ना?’ असे विचारण्याऐवजी ‘त्याला कोणाकोणाची मदत झाली?’ असे विचारू या. मूल परीक्षेत पहिले आले तर त्याचे कौतुक जरूर करू, आणि त्याला कोणी शिकवले, डबा कोणी भरून दिला, वही कोणी दिली, हे त्याच्याच तोंडून वदवून घेऊ. घरी पाहुणे आले आणि स्वयंपाकाची स्तुती झाली, तर बाजार करणाऱ्याचे आणि भाजी चिरणाऱ्याचेही नाव सांगू. आणि आपल्या वाट्याचे काम अर्धे राहिले असेल, तर दुसऱ्याच्या उणिवा काढण्यापूर्वी ते पूर्ण करू.

नवेगाव बांधला सहलीला गेलात तर पाळीवर मुलांना थोडा वेळ उभे करा. कोलू पाटलाची गोष्ट सांगा आणि सात बहिणींचीही सांगा. मग ही माती कोणी वाहिली असेल, असे त्यांना विचारा आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्या.