शिक्षा की शिक्षण?



आपल्या कासारवाडीत हल्ली बऱ्याच घरांत कुत्र्याचे पिल्लू येते. मुले हट्ट धरतात, आईवडील मान्य करतात आणि दुसऱ्याच दिवशी घराच्या मधोमध लघवीचे तळे साचते. मग जुना उपाय होतो : पिल्लाची मान धरून त्याचे नाक तिथे घासायचे आणि वर एक चापट द्यायची. “त्याला कळले पाहिजे,” असे आपण म्हणतो. पण ज्याला कळत नाही, त्याला शिक्षा करणे न्यायाचे आहे काय?

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो आहोत, की गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात : बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनाची संमती हवी. पिल्लाजवळ यांतले काहीच नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे सहसा आवरतच नाही. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे.

कोणी म्हणेल, “फादर, त्याला चूक कळते, बघा कसे मान खाली घालते!” अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मालक रागावला की कुत्रा अपराधी चेहरा करी. मग त्याने मना केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो. तो चेहरा पश्चात्तापाचा नव्हता, मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद होता. मार खाल्लेले पिल्लू बहुधा एवढेच शिकते, की मालकासमोर बसू नये. मग ते पलंगामागे जाते.

मराठीत ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे शब्द एकाच धातूचे आहेत आणि त्याचा अर्थ आहे शिकणे. ज्यातून शिकणे होत नाही, ती शिक्षा नव्हे, तो नुसता राग. पिल्लाला वळण लागते ते वेगळ्या रीतीने. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला रोज त्याच जागी न्यावे. तिथे बसले की लगेच शाबासकी द्यावी. घरात झालेच तर मुकाट्याने पुसावे आणि वास राहू देऊ नये, कारण वासावर ते पुन्हा तिथेच येते.

यात खरी परीक्षा आपली आहे. नवरा-बायको दोघेही शिफ्टला, मुले शाळेत आणि दार आठ-दहा तास बंद, अशा घरात पिल्लू आणायचे की नाही, हा निर्णयसुद्धा नैतिक आहे. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे आपले कॅथोलिक धर्मशिक्षण सांगते. प्राण्यांशी क्रूर वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, हा धोका संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच ओळखला होता.

पिल्लावर उगारलेला हात घरातील मूल पाहत असते. उद्या त्याच घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनाही आवरणार नाही. तेव्हा चादर बदलणारा हात रागाचा असेल की मायेचा, हे मूल आजच शिकत आहे. तेव्हा आज फरशी पुसताना आपण काय बोलतो, इकडे लक्ष देऊ या.

प्रभू आपणां सर्वांना धीर देवो.

आपला,
धर्मगुरू