चंदन आणि सहाण

नरकचतुर्दशीच्या दुपारी फराळाचा डबा घेऊन मी महालातल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले. पोर आता डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षांत आहे. “काय सांगू बाई, कालपासून नुसती झोपून राहिली आहे,” आई म्हणाली. तक्रारीत कौतुकच अधिक होते.

थोड्या वेळाने ती उठून आली. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, “बाई, मन खचलेल्या रोग्यांना मी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून देते. स्वतः रात्र रात्र रडले. पण तो फिरवायला हात धजला नाही. लाज वाटते.”

ही लाज तिला कोणी शिकवली? उत्तर शोधायला दूर जावे लागले नाही. मीच शिकवली. दरवर्षी वर्गात मी आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगते. १८८३ साली, अठराव्या वर्षी, ही मुलगी समुद्र ओलांडून गेली. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे न होता, पुण्यात क्षयाने वारली. हे शेवटचे वाक्य मी नेहमी देवळाचा कळस दाखवावा तसे म्हणत आले. पण तो कळस होता काय? कोल्हापूरच्या रुग्णालयातला स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत राहिला. ज्या बायकांसाठी त्या शिकल्या, त्यांची नाडी त्यांच्या हाती आलीच नाही.

चंदनासारखे झिजावे, असे आपण मुलींना सांगतो. परंतु चंदन आपण होऊन झिजत नाही. कोणीतरी ते सहाणेवर उगाळत असते. स्वेच्छेने दिले तो त्याग. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसताना घेतले गेले, ती नुसती झीज. दोहोंना एकच नाव देण्यात आपला सोयीस्कर अप्रामाणिकपणा आहे.

कोणी म्हणेल, अडलेली बाळंतीण घड्याळ पाहत नाही. खरेच आहे. म्हणूनच तिच्या उशाशी जागा हात हवा, पेंगुळलेला नव्हे. निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगून ठेवले आहे. त्या ‘सामान्यतः’ शब्दाआड किती रात्री गेल्या असतील! आणि रुग्णालयाच्या घड्याळातून सुटलेली मुलगी घरी आली, की तिथे दुसरे घड्याळ सुरूच असते. दमून आलेल्या मुलाला आपण चहा देतो, मुलीला म्हणतो, “आलीसच तर तेवढ्या करंज्या तळून घे.”

दुसऱ्याच्या वेदनेवर दया करायला जी शिकते, तिने स्वतःला त्या दयेतून वगळावे, हा कुठला धर्म?

तिन्हीसांज झाली. आईने आतून हाक मारली, “ऊठ गं, पणत्या लावायच्या राहिल्या.”

ती उठू लागली. मी तिचा हात धरला आणि म्हटले, “बस. आज तुझा भाऊ लावील.”

क्षणभर घरात कोणी बोलले नाही. मग भाऊ उठला.