संमतीच्या कागदावरची सही

'तिची लेखी संमती होती' हे सांगलीच्या विश्रामबागेतील एचआयव्ही जनजागृती मेळाव्यानंतर आयोजकांनी दिलेले उत्तर अनेकांना पुरेसे वाटलेले दिसते. हेतू चांगला होता आणि लोकांना नुसत्या आकड्यांनी जाग येत नाही, ही सोबतची दोन समर्थने नेहमीचीच असल्याने बाजूला ठेवता येतात; संमतीचे समर्थन मात्र तपासलेच पाहिजे, कारण निवेदकाने एका आजारी स्त्रीचे नाव, गाव आणि आजार ध्वनिक्षेपकावरून उच्चारून तिच्या खांद्यावर शाल घातली, ती याच कागदाच्या आधारावर.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने 'माहितीपूर्ण संमती' ही संज्ञा नेमकेपणाने बांधली आहे: जी संमती विशिष्ट कृतीपुरती असते, दडपण, गैरप्रभाव किंवा फसवणूक यांविना दिली जाते आणि त्या कृतीतील धोके, लाभ व पर्याय संबंधित व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगितल्यानंतरच घेतली जाते, तीच खरी संमती. या कसोटीवर मेळाव्यातील सही टिकत नाही. जी संस्था औषधाची सोय करते आणि मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी खटपट करते, तिच्याच कार्यकर्त्याने कागद पुढे केला असता नकार देणे म्हणजे उपकारकर्त्याला दुखावणे होय, आणि तेवढे बळ त्या स्त्रीजवळ असते असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. शिवाय सही एका सभागृहासाठी असते, तर चित्रफीत सांगली-मिरजेतील प्रत्येक मोबाइलवर जाते. पुढे लेकीची सोयरीक जुळवताना तीच चित्रफीत कोणी समोर ठेवली, तर संमती मागे घेण्याची सोय कोणत्या कागदात लिहिलेली असते?

शेजारच्या साताऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी तेथे 'नकोशी' किंवा 'नकुसा' असे नाव लाभलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलगाच हवा या आग्रहातून नकोसेपण नावातच कोरले जाण्याच्या प्रथेवर तो आघात होता, आणि शाळेच्या हजेरीत रोज होणारा अपमान थांबवणे हे मोलाचे काम होते, यात शंका नाही. परंतु समारंभाच्या बातम्या जगभर गेल्या आणि त्यांत काही मुलींची जुनी व नवी नावे शेजारी शेजारी छापली गेली. जे नाव पुसायचे होते, तेच नव्या नावाला कायमचे जोडले गेले. अज्ञान मुलीच्या वतीने संमती पालक देतात, आणि येथे पालक म्हणजे बहुधा ज्या घराने ते नाव ठेवले तेच घर. मुलीच्या कहाणीवरील अधिकार पुन्हा त्याच हाती जातो, ही गोष्ट सहज नजरेआड करण्याजोगी नाही.

अनुभव सांगूच नयेत, असा याचा अर्थ नाही. सांगलीतच 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम सुरू केले, तेव्हा निरोधाचा प्रसार आणि समजावणी त्याच स्त्रियांनी एकमेकींमध्ये केली, आणि त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. पुढे रंगकर्मी सुषमा देशपांडे यांच्यासोबत परिषदेतील स्त्रियांनी आपल्या जगण्यावर नाटक केले. त्यात काय सांगायचे आणि काय झाकायचे हे त्यांना ठरवता आले, आणि प्रेक्षकांची कणव मिळवणे हा त्यांचा हेतू नव्हता. ज्या स्त्रीला स्वतःहून नावासह बोलायचे आहे, तिला अडवण्याचा अधिकार अर्थातच कोणालाही नाही, मग तिचे बोलणे आयोजकांना गैरसोयीचे वाटले तरी.

मेळाव्यांच्या हिशेबाचा एक भाग मात्र आजच बदलता येण्याजोगा आहे. प्रमुख पाहुण्यांना प्रवासखर्च आणि मानधन मिळते, मंडप आणि फलक यांची देयके चुकती होतात, आणि जिच्या बोलण्यासाठी लोक जमतात तिला त्या दिवसाची मजुरी बुडवून शाल आणि नारळ घेऊन परतावे लागते. तिला वक्ता म्हणून बोलावले असेल, तर मानधनाच्या यादीत तिचे नाव पाहुण्यांच्या बरोबरीने असावे, आणि ते यादीत असले तरी तिच्या परवानगीवाचून ध्वनिक्षेपकावर येऊ नये.