तारेला हात जोडताना

‘कॅटविझल’ नावाची मुलांची एक जुनी इंग्रजी मालिका आहे. रिचर्ड कार्पेंटर यांनी लिहिलेली, १९७० आणि ७१ मध्ये दाखवलेली, सगळे मिळून २६ भाग. अकराव्या शतकातला कॅटविझल नावाचा एक फाटका, दाढीवाला मांत्रिक नॉर्मन सैनिकांपासून जीव वाचवायला पाण्यात उडी मारतो आणि वर येतो तो थेट विसाव्या शतकात. खोलीतला दिवा पाहून त्याला वाटतं, कुणीतरी सूर्य बाटलीत कोंडलाय. मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा नातवाबरोबर मी ती पाहिली. नातू खो खो हसायचा. मला त्या मांत्रिकाबद्दल मायाच वाटत गेली. जे कळत नाही त्याच्यापुढे हात जोडणं ही श्रद्धा की अज्ञान, हा प्रश्न मला नोकरीभर सोबत होता.

मी रेल्वेत ओव्हरहेड तारांच्या खात्यात होतो, कल्याणला. आधी १५०० व्होल्ट डीसी, पुढे २५,००० व्होल्ट एसी. खंडेनवमीला आमची टॉवर वॅगन, म्हणजे तारांपर्यंत पोचायची गाडी, धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून तिची पूजा व्हायची. नवीन भरती झालेला एखादा पोरगा कुजबुजायचा, आपण विजेची माणसं, आपणच असं करायचं?

त्याला मी कामावर नेऊन उत्तर द्यायचो. ब्लॉक मिळाला, वीज बंद झाली, परमिट हातात आलं, तरी तारेला हात लावायचा नाही. डिस्चार्ज रॉडचा, म्हणजे तार रुळाशी जोडणाऱ्या दांड्याचा, क्लॅम्प आधी रुळाला घट्ट आवळायचा, मगच दुसरं टोक तारेवर अडकवायचं. काढताना बरोबर उलटं, आधी तारेवरून, मग रुळावरून. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हेच. पहिले काही दिवस पोरगं हे मंत्र म्हणावा तसं करतं. क्रम चुकला तर काहीतरी भयंकर होईल एवढंच त्याला ठाऊक असतं. कॅटविझलचं तरी दुसरं काय होतं? त्याच्याही मंत्रातला शब्द न् शब्द जिथल्या तिथे लागायचा.

फरक पुढे आहे. पोरगं विचारतं, “साहेब, लाइन तर बंद आहे, मग कशाला?” तेव्हा त्याला सांगावं लागतं की शेजारच्या रुळावरची तार चालू आहे, तिच्यामुळे या बंद तारेतही दाब चढतो, आणि रॉड आधी तारेला लावलास तर तो दाब तुझ्या अंगातून जमिनीत जाईल. हे कळल्यावर त्याची भीती जाते. आदर राहतो, उलट वाढतो. माझ्या लेखी श्रद्धा ती हीच. ‘का?’ विचारलेलं तिला सोसतं. ज्या हात जोडण्याला हा प्रश्न सोसत नाही, ते सोडून द्यावं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या वेळी पुष्कळ लोक म्हणत होते, आता देवापुढे हात जोडणंही गुन्हा ठरणार. तसं काही झालं नाही. आपल्या अंगी शक्ती आहे असं सांगून दुसऱ्याला फसवणं, लुबाडणं, छळणं यावर त्या कायद्याचा रोख आहे. कॅटविझल त्यात सापडला नसता. त्याचे मंत्र बहुतेक वेळा फसतात, त्याला स्वतःलाच सगळ्याची धास्ती असते. तो अज्ञानी आहे, पण भोंदू नाही, आणि या दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

त्याच्याच शतकातलं देऊळ आपल्या लाइनवर आहे. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांच्या काळातलं. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं, वर शिखर उघडं. त्या दगडांचा भार कुठून कुठे उतरतो हे तिथल्या पाथरवटाला पक्कं ठाऊक असणार. लोकलने दर्शनाला येणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना ते सांगता येईल? तो पाथरवट आज कल्याण स्टेशनात उतरला तर आपल्या तारेपुढे हात जोडेल, आपण त्याच्या भिंतीपुढे जोडतो. यात कमीपणा कुणालाच नाही. तो विचारेल की हे चालतं कसं, तेव्हा त्याला नीट सांगणारा माणूस मात्र हवा.

दसऱ्याच्या सुमाराला डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या लोकलमध्ये रोजची मंडळी डबा सजवतात, आरती करतात. मीही त्यांच्यात उभा राहतो आणि मनापासून हात जोडतो. त्या मंडळींना माझं एकच सांगणं आहे. माळा डब्याच्या आत आणि दारापर्यंतच लावा. हार घालायला किंवा फोटोसाठी टपावर कुणालाही चढू देऊ नका. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लावावाच लागत नाही, जवळ गेलेल्या माणसाला ती हवेतूनच पकडते. तिच्यापासून किमान दोन मीटर लांब राहायचं हा आमचा नियम आहे, आणि तो का आहे हे शेजारी उभ्या असलेल्या मुलाला तिथेच सांगा.