नियम राबवणाऱ्याचा धम्म

 

आपल्या धम्मचर्चेत सम्यक आजीविकेचा विषय निघाला की आपण शस्त्रांचा, दारूचा, विषाचा व्यापार आठवतो आणि पुढे जातो. आपल्यापैकी बहुतेकजण संगणक, अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय क्षेत्रात आहोत. त्यामुळे आपली आजीविका सम्यक आहे, असे आपण गृहीत धरतो. आज मी तुमच्यापुढे एक वेगळी नोकरी ठेवतो आणि तिच्याबद्दल एक प्रश्न विचारतो.

प्रत्येक शहराच्या कार्यालयात एक टेबल असते. त्या टेबलावर घर बांधणाऱ्यांचे नकाशे येतात. कोणत्या जागेवर काय बांधता येईल, घरातले मैलापाणी कोणत्या नळातून कुठे जाईल, पावसाचे पाणी कुठे मुरेल, हे तिथे तपासले जाते. महाराष्ट्रात याला आपण नगररचना आणि बांधकाम परवानगी म्हणतो. टेबलामागे बसलेल्या माणसाचे अर्धे काम ‘नाही’ म्हणण्याचे असते. इथे बांधता येणार नाही, असा नळ जोडता येणार नाही, आधी दुरुस्ती करा, मग या. लोक त्याला अडवणूक करणारा समजतात. माझा प्रश्न असा आहे: दिवसभर ‘नाही’ म्हणणाऱ्या या माणसाच्या कामात करुणेला जागा आहे का? की करुणा म्हणजे समोरच्याची अडचण पाहून नियमाकडे डोळेझाक करणे?

मी राहतो त्या आखनपासून सुरुवात करू. शहराचे बहुतेक सांडपाणी उत्तरेकडच्या झोर्स भागातल्या शुद्धीकरण केंद्रात जाते. तिथून ते वुर्म नावाच्या छोट्या नदीत सोडले जाते. वुर्म पुढे रूर नदीला मिळते आणि रूर सीमा ओलांडून नेदरलँड्समधल्या रूरमोंड येथे मास नदीला मिळते. कोरड्या दिवसांत वुर्मच्या प्रवाहाचा मोठा हिस्सा हे शुद्ध केलेले सांडपाणीच असते. म्हणजे मी सकाळी भांडी धुतो, ते पाणी काही दिवसांनी दुसऱ्या देशातल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या माणसाच्या काठावरून वाहते. त्याचा माझा काही परिचय नाही, आणि माझ्या शहराच्या निवडणुकीत त्याला मतही नाही.

झोर्सच्या केंद्रात 2018 पासून ओझोन वायूने पाणी शुद्ध करण्याची आणखी एक पायरी चालते. आपण घेतलेल्या औषधांचे अंश नेहमीच्या प्रक्रियेत पूर्ण निघत नाहीत, ते तोडण्यासाठी ही पायरी आहे. युरोपीय संघाने मोठ्या केंद्रांना अशी पायरी टप्प्याटप्प्याने 2045 पर्यंत बंधनकारक करणारा निर्देश 2024 मध्ये काढला. आखनने त्याआधीच ती उभारली होती. तिचा खर्च इथले लोक भरतात आणि लाभ मुख्यतः खालच्या अंगाच्या जीवसृष्टीला आणि माणसांना होतो.

पण हे सगळे केंद्र एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहे. जिथे पावसाच्या आणि मैल्याच्या पाण्याचे नळ वेगळे आहेत, तिथे एखाद्या घरमालकाने शौचालयाचा नळ चुकून किंवा पैसे वाचवायला पावसाच्या नळाला जोडला, तर तो मैला केंद्रात न जाता थेट ओढ्यात जातो. मग कोट्यवधी युरोंच्या यंत्रणेचा त्या घरापुरता उपयोग शून्य. तो जोड कागदावर आणि प्रत्यक्ष जागेवर तपासणारा माणूस म्हणजे आपला टेबलामागचा माणूस. त्याच्यासमोर बसलेला घरमालक त्याला दिसतो, त्याचा खर्च दिसतो, चेहरा दिसतो. खालच्या अंगाचा माणूस त्याला कधीच दिसत नाही. दिसणाऱ्यावर दया करणे सोपे असते. न दिसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे कठीण असते, आणि नियम हा त्या न दिसणाऱ्याचा एकमेव प्रतिनिधी असतो.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. भिक्खूंच्या पातिमोक्खात सेखिय नावाचे नियम आहेत. त्यांत एक नियम असा आहे की आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये आणि थुंकू नये. तसाच नियम हिरवळीबाबतही आहे. आजच्या भाषेत याला सांडपाणी नियमावली म्हणता येईल. लक्षात घ्या, त्यात सूटही आहे: आजारी माणसाला. सूट कोणाला द्यायची याचा निकष तिथे स्पष्ट आहे. ज्याला शक्यच नाही त्याला सूट आहे. जो मोठा आहे, ओळखीचा आहे, दाता आहे, त्याला नाही. हा निकष पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

आता महाराष्ट्राकडे वळू. तिथे अनेक लहान शहरांत भुयारी गटार नाही, घरोघरी सेप्टिक टँक आहे. टाकी दोन-तीन वर्षांनी रिकामी करावी लागते. ती केली नाही तर तळाचा गाळ घट्ट होतो आणि पंपाने ओढला जात नाही. टाकीवर पार्किंगच्या फरशा बसवल्या असतील, झाकण जिन्याखाली दडले असेल, गाडीचा पाइप तिथवर पोहोचत नसेल, तर शेवटी ठेकेदार एका माणसाला आत उतरवतो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो थोडा असतो तेव्हा कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच जाते, आणि आता धोका टळला असे वाटते त्या क्षणी माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आत उतरणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कायदा याविरुद्ध आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या निकालात 1993 पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये देण्यास सांगितले, आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ही रक्कम 30 लाख केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. आपण ठेकेदाराला दोष देतो आणि तो योग्यच आहे. पण मृत्यूची सुरुवात त्या दिवशी होत नाही. ती बऱ्याच वर्षांपूर्वी होते. झाकण कुठे येईल, गाडी कुठे उभी राहील, हे न पाहता कोणीतरी नकाशावर सही करतो, प्रत्यक्ष टाकी न पाहता भोगवटा प्रमाणपत्र देतो, तेव्हा होते. माझ्या नात्यातल्या एका घराचे बांधकाम चालू असताना मी टाकीचे झाकण कुठे आहे असे विचारले, तेव्हा गवंडी हसून म्हणाला, “साहेब, ते कोण बघतंय?” त्याचे म्हणणे खरे होते. बघण्यासाठी नेमलेला माणूस आला नव्हता.

इथे जर्मनीत गटाराचे काम हा तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा व्यवसाय आहे. आत जाण्याआधी वायू मोजतात, वर दुसरा माणूस थांबतो, दोर आणि यंत्र तयार असते. हे काम करणारा माणूस संध्याकाळी शेजाऱ्यांसोबत बसून कॉफी पितो. हा फरक जर्मन माणसाचे मन मोठे असल्यामुळे पडलेला नाही. नियम, प्रशिक्षण, पगार आणि तपासणी यांनी तो पडला आहे. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्यांवर बाबासाहेबांनी कठोर टीका केली होती. गौरवाने कामगाराच्या फुप्फुसात शुद्ध हवा जात नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला: नियम काटेकोर पाळा, झाले. पण आपण ज्या समाजातून आलो, त्याला नियम या शब्दाचा दुसरा अनुभवही आहे. गावकुसाबाहेरची वस्ती हासुद्धा एक नियमच होता. कोणी कुठे राहावे, कोणत्या पाणवठ्यावर जावे, याची ती न लिहिलेली नगररचना होती, आणि ती हजारो वर्षे काटेकोरपणे राबवली गेली. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने 1910 मध्ये काळ्या आणि गोऱ्या लोकांचे मोहल्ले वेगळे ठेवणारा नियमच केला. असे नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये रद्द ठरवले.

त्याहून अवघड उदाहरण अलाबामा राज्यातल्या लाउन्डेस काउंटीचे आहे. तिथली माती पाणी मुरू देत नाही, बहुतेक रहिवासी काळे आणि गरीब आहेत, आणि गटार नाही. योग्य टाकीला येणारा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा. मैला अंगणात साचायचा, आणि वर त्यांच्यावरच सांडपाण्याचा नियम मोडल्याबद्दल खटले भरण्याची कारवाई व्हायची. नियम आरोग्याचाच होता, कागदावर बिनचूक होता. केंद्र सरकारने चौकशी केली आणि 2023 मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने अशी कारवाई थांबवून लोकांना मदत करण्याचे मान्य केले. 2025 मध्ये नव्या सरकारने तो करार संपवला. विनयातला निकष इथे लावून पाहा. आजाऱ्याला सूट आहे, कारण त्याला शक्य नाही. लाउन्डेसमध्ये ज्यांना शक्य नव्हते त्यांनाच शिक्षा झाली.

बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला आहे. नियम ठरावीक कृती करायला लावतो. तत्त्व आपल्याला विचार करून निवड करायला लावते, म्हणून तत्त्वाने वागणारा माणूसच आपल्या कृतीला जबाबदार असतो. याचा अर्थ नियम टाकून द्या असा कोणी घेऊ नये. नियम कशासाठी आहे हे जाणून तो राबवा, असा मी त्याचा अर्थ घेतो. सांडपाण्याच्या नियमामागचे तत्त्व एकच आहे: माझी घाण दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये. ना नदीतून, ना टाकीत उतरणाऱ्याच्या नाकातोंडातून. हे तत्त्व ज्याला कळले, तो अधिकारी श्रीमंत बिल्डरला सूट देणार नाही आणि गरीब विधवेला नोटीस चिकटवून मोकळाही होणार नाही. नियम तसाच ठेवून त्याचे ओझे उचलण्याची सोय तो शोधेल. साताऱ्यातील वाई आणि नाशिककडील सिन्नर येथे नगर परिषदांनी हेच केले. मालकाच्या फोनची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने गाडी घरोघरी जाऊन टाक्या रिकाम्या करते. गाळ घट्ट व्हायच्या आत निघतो, त्यामुळे माणूस उतरवण्याचे कारणच कमी होते.

आणि नियम राबवणारा नसेल तर काय होते, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद पूर्ण होता. पण एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, लोकांनी डोकी फोडून घेतली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडले. पुढे 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी बजावले की राज्यघटनेचा शब्दही न बदलता केवळ कारभाराचे स्वरूप बदलून तिचा आत्मा मारता येतो. महाडचा अनुभव असलेला माणूसच हे इतक्या खात्रीने सांगू शकतो.

मग टेबलामागच्या माणसाने रोज काय करावे? भगवान बुद्धांनी राहुलाला दिलेला उपदेश मला सर्वांत उपयोगी वाटतो. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहा, यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे. आज परवानगीचे अर्ज संगणकावर भरले जातात, आणि चौकटीत बरोबरची खूण असली की अर्ज पुढे सरकतो. आपल्यातले अनेकजण अशाच प्रणाली बनवतात. तिथे ‘सही करण्याआधी’ पाहण्याची सोय असते. ‘केल्यानंतर’ पाहण्याची फारशी नसते: टाकी खरेच रिकामी होते का, तिथे कोणी उतरले का. ही चौकट जोडायची की नाही हे ठरवणारा अभियंताही त्या टेबलामागेच बसलेला असतो, मग त्याची खुर्ची बंगळुरूत असो की आखनमध्ये.

तुमच्याकडे माझे मागणे छोटे आहे. आपण परदेशातून गावाकडच्या घरासाठी, फ्लॅटसाठी, विहारासाठी पैसे पाठवतो. पुढच्या वेळी फरशीचा रंग विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. मैला कुठे जातो? झाकण उघडते का आणि गाडी तिथवर येते का? टाकी मागे कधी आणि कोणी रिकामी केली? आणि तिथला कोणी ओव्हरसियर प्रत्यक्ष येऊन टाकी पाहत असेल, काम अडवत असेल, तर फोन करून ओळख काढू नका. त्याचे आभार माना. त्याने अडवले नसते तर पुढे त्या टाकीत कोण उतरले असते, त्याचे आडनाव कदाचित आपल्यापैकीच कोणाचे तरी असते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!