शिवी तेवढी फ्रेंच

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मधला कॅप्टन पिकार्ड जन्माने फ्रेंच, ला बार गावचा, घरचे द्राक्षमळे. १९८७पासून पॅट्रिक स्ट्यूअर्टने तो उभा केला तो मात्र शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या इंग्रजी वाणीत. फारच वैतागला तर एखादं 'मेर्द' निसटतं, तेवढीच त्याची मातृभाषा.

प्वारोचंही तसंच. डेव्हिड सुशेने १९८९ ते २०१३ या काळात रंगवलेला हा बेल्जियन गुप्तहेर बोलता बोलता 'मोनामी' पेरतो, दचकला की फ्रेंचमध्ये उद्गारतो. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनाचा उलगडा करताना मात्र कुठे अडखळत नाही. म्हणजे किचकट तर्क परक्या भाषेत आणि सोपे शब्द तेवढे आपल्या! वास्तविक परकी भाषा शिकणाऱ्याच्या तोंडी हे सोपे शब्दच आधी बसतात. ॲगाथा ख्रिस्तीने निदान त्याला कारण पुरवलं. 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी'त प्वारो कबूल करतो, की मोडकं इंग्रजी तो मुद्दाम बोलतो. समोरचा त्याला कमी लेखतो आणि बेसावध राहतो. इतर लेखकांकडे ही सबब नसते.

भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन लोकांच्या बोलण्याचा अभ्यास १९८०मध्ये प्रसिद्ध केला. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींवर पकड असलेली माणसं वाक्याच्या ऐन मध्यात भाषा बदलत आणि व्याकरण कुठेही मोडत नसे. ज्यांची एक भाषा कच्ची, ते वाक्याला सुटे शब्द नि उद्गार चिकटवत. या कसोटीवर पिकार्ड आणि प्वारो कच्चेच ठरतात. पण पुढे पॉपलॅक यांना कॅनडातल्या ओटावा-हल भागात वेगळंच आढळलं. तिथले फ्रेंचभाषक इंग्रजी शब्द वापरताना थबकत, 'इंग्रजीत म्हणतात तसं' अशी पुस्ती जोडत. सरमिसळीची रीत वस्तीगणिक बदलते ती अशी.

कॅनडाच्या टीव्हीने तर सुरुवातीला ही सरमिसळ दाराबाहेरच ठेवली. रॉजे लमलँ यांनी लिहिलेली, क्वेबेक शहरातल्या कामगार कुटुंबाची 'ला फामीय प्लूफ' १९५३मध्ये फ्रेंचमध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी तेच नट इंग्रजीतही थेट प्रक्षेपणात उभे राहू लागले. एकच कुटुंब एका संध्याकाळी पूर्ण फ्रेंच, दुसऱ्या संध्याकाळी पूर्ण इंग्रजी. नटांची कमाल खरी, पण पात्रं मात्र प्रत्येक वेळी एकभाषिक. पुढेही तीच तऱ्हा. माँट्रियलच्या पोलिसांवरची '१९-२' २०११मध्ये फ्रेंचमध्ये आली आणि २०१४मध्ये इंग्रजीत नव्याने घडवली गेली. शहर तेच राहिलं आणि पोलीस आपसांत इंग्रजी बोलू लागले. त्या शहरात गस्तीच्या गाडीत कोणती भाषा ऐकू येते, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाने तिथे काय करावं?

हा बांध त्याआधीच फोडला होता तो एका चित्रपटाने. 'बॉन कॉप, बॅड कॉप'मध्ये (२००६) ऑन्टारिओ आणि क्वेबेकच्या सीमेवरच्या फलकावर मृतदेह सापडतो आणि दोन प्रांतांचे दोन पोलीस तो कुणाच्या हद्दीत, यावरून भांडतात. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, म्हणून अपमान कोणत्या भाषेत करायचा हेही डावपेचाचं होतं. भांडण रंगात आलं की एकाच संवादात भाषा दोनदा पालटते. चित्रपटाच्या कमाईचा मोठा वाटा क्वेबेकमधून आला, यात नवल नाही. २०२१च्या जनगणनेनुसार क्वेबेकमध्ये ४६.४ टक्के लोक दोन्ही भाषा बोलू शकतात, उरलेल्या कॅनडात जेमतेम ९.५ टक्के. उपशीर्षकांशिवाय हसणारा प्रेक्षक होता तो तिथेच.