कोरी वही

नवीन पनवेलात, रेल्वेच्या पूर्वेला, सिडकोनं आखलेल्या एका सेक्टरात २५ खाटांचं एक हॉस्पिटल होतं. खाली ओपीडी आणि मेडिकल, पहिल्या मजल्यावर वॉर्ड, दुसऱ्यावर ओटी. अशी हॉस्पिटलं तिथं गल्लोगल्ली आहेत. त्यातलं हे नेमकं कुठलं ते शोधत बसू नये. ते या गोष्टीपुरतंच आहे.

वॉर्डातल्या सिस्टरांच्या टेबलाच्या खणात लाल बांधणीची एक वही असे. तिच्यात चार रकाने आखलेले होते : तारीख, नाव, चूक, दंड. थर्मामीटर फुटला, १०० रुपये. सलाईन संपल्याचं उशिरा कळलं, अर्ध्या दिवसाचा पगार. पहिली सहा पानं अशी भरलेली होती. सातव्या पानापासून मात्र वही कोरी. दीड वर्षात तिच्यात एक अक्षर उमटलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांना त्या कोऱ्या पानांचा फार अभिमान. पाहुणा आला की खण उघडून ते वही दाखवत आणि म्हणत, “शिस्त लावली की चुका होत नाहीत.”

त्या जुलैत पाऊस नुसता कोसळत होता. एका संध्याकाळी पोलादपूरहून नुकतीच कामाला आलेली धाकटी सिस्टर जेवणाआधीचं इन्सुलिन भरत होती. तिनं लाल टोपणाची सिरिंज घेतली, १६च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, ट्रेमध्ये ठेवलं. बाटली फ्रीजमध्ये परत ठेवताना दाराच्या उजेडात तिची नजर लेबलवर गेली आणि हात थबकला. बाटली रोजच्याच कंपनीची होती, खोकंही तसंच. पण आकडा ४० ऐवजी १०० होता.

इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत एका मिलिलीटरला ४० युनिट, दुसरीत १००. त्यांच्या सिरिंजही निराळ्या. ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी. जोड्या जुळल्या तर सगळं ठीक. १००ची बाटली आणि लाल टोपण अशी गाठ पडली, तर १६च्या खुणेवर भरलेलं औषध १६ युनिट राहत नाही, ४० होतं. आणि दिसायला काहीच वेगळं दिसत नाही. खूण तीच, पातळीही तीच.

पोरीच्या पोटात गोळा आला. तिनं ती सिरिंज टाकून दिली आणि शेजारच्या सिस्टरला हळूच सांगितलं. ती या वॉर्डात मुरलेली. म्हणाली, “टोचलं नाहीस ना? मग संपलं. वहीत नाव गेलं तर पगार जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.” धाकटीनं मूठ झाकली. आपल्या परीनं बंदोबस्त म्हणून ती १००ची बाटली तेवढी फ्रीजच्या मागच्या रांगेत ढकलली.

मागची बाटली पुढं यायला २१ दिवस लागले.

त्या रात्री वॉर्डात विचुंब्याचे एक आजोबा होते. गाढीपलीकडचे, जुने शेतकरी. पायाची जखम चिघळली म्हणून आलेले. रात्री लादी पुसायला मावशी आल्या की ते हमखास डोळे उघडत आणि विचारत, “काय गो बाय, पाऊस थांबला का?” मावशी म्हणत, “नाय थांबला, झोपा.” एवढाच त्यांचा संवाद, पण तो रोजचा.

पहाटे अडीचला मावशी पोचा घेऊन आल्या. आजोबांनी काही विचारलं नाही. पंखा चालू, बाहेर पावसाचा गारवा, आणि आजोबांची बंडी घामानं चिंब. मावशींनी जाऊन रात्रीच्या सिस्टरला सांगितलं. ती चार नव्या पेशंटच्या कागदांत बुडालेली. “झोपलेत ते. झोपू द्या.” मावशी परत गेल्या, आजोबांचा हात धरून बघितला. गार. पुन्हा आल्या. “मावशी, तुम्ही लादी पुसा ना!” मावशी हलल्या नाहीत. पोचा भिंतीला टेकवून टेबलापुढं उभ्या राहिल्या. “ताई, रागवा मला. पण एकदा येऊन बघा. ते मला पावसाचं विचारत नायेत.”

सिस्टर उठली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३४.

पुढचा तासभर कुणी कुणाकडं बघितलं नाही. रात्रपाळीचे डॉक्टर धावत आले, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज गेलं, मागून सलाईन लागलं. जास्तीचं इन्सुलिन अंगात अजून बराच वेळ काम करत राहणार होतं, म्हणून दर अर्ध्या तासाला बोटाला टोचून साखर बघायची असं ठरलं. चारच्या सुमाराला आजोबांनी डोळे उघडले आणि आढ्याकडं बघत विचारलं, “पाऊस थांबला का?” मावशींना काही बोलता आलं नाही.

सकाळी सातला मोठे डॉक्टर आले, तेव्हा पायऱ्यांवर विचुंब्याची माणसं उभी होती. अशा वेळी काय काय होतं ते सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतं. त्यांनी आधी आजोबांपाशी जाऊन झालं ते सरळ सांगितलं : इन्सुलिन जास्त गेलं, चूक आमची. मग आजोबांच्या नातवाला आत बोलावलं. नातू विमानदुरुस्तीचं शिकलेला, मुंबईच्या विमानतळावर कामाला. पहिल्या लोकलनं घरी आलेला, अंगावर अजून कामाचे कपडे.

“जिच्या हातून झालं तिला मी आजच काढतो,” डॉक्टर म्हणाले. “नाव वहीत जाईल.”

“नाव नको मला,” नातू म्हणाला. “एवढंच सांगा, हे आधी कधी झालं होतं का?”

डॉक्टरांनी खण उघडला. “हे बघा. दीड वर्षात आमच्याकडं एकही चूक नाही.”

नातवानं सावकाश पानं उलटली. “साहेब, आमच्याकडं अशी कोरी वही सापडली तर आमचे वरिष्ठ घाबरतात. एवढी माणसं, एवढं काम, आणि दीड वर्षात कुणाचा हात चुकला नाही? म्हणजे कुणीतरी सांगत नाहीये.”

खोलीत शांतता पसरली. दारापाशी उभी असलेली धाकटी सिस्टर आपल्या बुटांकडं बघत होती. मग तिनं मान वर केली. “झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी. माझ्याकडून. टोचायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलं. मी सांगितलं असतं तर काल हे झालं नसतं.”

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात मेडिकलवरचा पोरगा पुढं सरकला. “४०ची बाटली डिस्ट्रिब्युटरकडं नव्हती, म्हणून मी १००ची पाठवली होती. वर कळवलं नाही.” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “केशरी टोपणाच्या सिरिंज आपण कधी मागवल्याच नाहीत. मला माहीत होतं. ४०चीच बाटली येते, म्हणून बोलले नाही.”

“तू मला फोन का नाही केलास?” डॉक्टरांनी पोऱ्याला विचारलं.

पोऱ्या घुटमळला. “सर, मागं एकदा केला होता. तुम्ही १६च्या पुढं इंग्रजी यू लिहिलं होतं. मला ते शून्य वाटलं. १६० का, म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, अक्कल गहाण ठेवली आहेस का. तेव्हापासून मी विचारत नाही.”

डॉक्टर खुर्चीत बसले. चुकीचा एकेक तुकडा एकेकाच्या खिशात होता. सगळे एकाच जिन्यानं वर-खाली करत होते आणि ते तुकडे कधी एका टेबलावर आले नव्हते. आणि पहिला तुकडा त्यांच्याच अक्षरातला होता.

जाता जाता नातवानं त्यांना एक हकिगत सांगितली. १ डिसेंबर १९७४ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान उतरण्याच्या वाटेवर डोंगरावर आदळलं. आतली सगळी, ९२ माणसं गेली. चौकशीत निघालं, की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच जागी, तशाच गैरसमजातून, डोंगराला लागता लागता वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीला ते कळलंच नाही. त्यानंतर, १९७६पासून, तिथं वैमानिक आपली चूक आपणच लिहून कळवू लागले. ते कागद दंड करणाऱ्या खात्याकडं जात नाहीत, नासाकडं जातात. तिथं नाव काढून टाकतात आणि बाकीचं सगळ्यांना वाचायला देतात.

“आमच्या धंद्यात,” नातू म्हणाला, “वाचलेल्या विमानाची गोष्ट पडलेल्या विमानाइतकीच मोलाची. आणि फुकटात मिळते.”

त्या दिवशी कुणालाच कामावरून काढलं नाही. डॉक्टरांनी लाल वही मागवली आणि पट्टी ठेवून दोन रकाने खोडले : नाव आणि दंड. उरलेल्या जागेत तीन प्रश्न आले. काय झालं? का झालं? उद्यापासून काय बदलायचं? मग सातव्या पानावर त्यांनी स्वतः पहिली नोंद केली : ‘युनिट हा शब्द अर्धवट लिहिला. विचारणाऱ्याला ओरडलो. यापुढं शब्द पूर्ण लिहायचा आणि विचारणाऱ्याचे आभार मानायचे.’ दारू पिऊन आलेल्याला किंवा मुद्दाम कामचुकारपणा करणाऱ्याला या वहीत आसरा नव्हता, हेही त्यांनी सांगून टाकलं. चूक वेगळी आणि हयगय वेगळी.

दर बुधवारी दुपारी दोनला, सकाळपाळी ओव्हर देते आणि दुपारपाळी घेते तेव्हा, अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं. मावशी आणि वॉर्डबॉयसुद्धा. पहिल्या बुधवारी इन्चार्ज सिस्टरनी कुंकू कालवलेलं पाणी आणलं. धाकटीनं ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६च्या खुणेपर्यंत ओढलं, वाटीत सोडलं, आणि तेच पाणी केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं. पाणी थेट ४०च्या खुणेला जाऊन थांबलं. रात्रीची ती सिस्टर ते बराच वेळ बघत राहिली. तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. तरी त्या ४०च्या आकड्यानं तिला जे शिकवलं, ते कुठल्याही दंडानं शिकवलं नसतं.

हळूहळू वॉर्डाची रीत पालटली. १००ची बाटली वॉर्डाच्या फ्रीजमध्ये ठेवायचीच नाही. इन्सुलिन भरलं की दुसऱ्या सिस्टरनं बाटली, सिरिंज आणि खूण बघायची. फोनवर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आपण पुन्हा म्हणून दाखवायचं. आणि “थांबा” हा शब्द कुणीही, कुणालाही म्हणायचा.

ओटीतली गोष्ट जरा अवघड होती. वरच्या सर्जनना यादी वाचून ऑपरेशन करणं म्हणजे पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत बसणं वाटे. एका बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बॉस्टनच्या डॉ. अतुल गावंडे यांच्याबद्दल सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेला गेलेल्या डॉ. आत्माराम गावंड्यांचा हा मुलगा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, त्या कामाची धुरा त्यांच्याकडं होती. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, आणि मोठ्या गुंतागुंती ११वरून ७ टक्क्यांवर. त्यासाठी नवं औषध लागलं नव्हतं. चीर देण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं, आपापलं नाव आणि काम सांगायचं, पेशंट कोण, बाजू कुठली, धोका काय, ते मोठ्यानं बोलायचं. सर्जन कुरकुरले, पण पुढच्या ऑपरेशनला यादी भिंतीवर लागली होती.

वर्षभरानं डॉक्टरांचे एक जुने मित्र आले. त्यांनी सवयीनं खण उघडला, वही चाळली आणि कपाळाला हात लावला. “अरे, ही तर भरत आली! तुझ्याकडं पूर्वी एक चूक होत नव्हती.”

“पूर्वी एक चूक दिसत नव्हती,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक नोंदी वाचलेल्या पेशंटच्या आहेत. वाच.”

वही संपली तेव्हा नवी आणायला वॉर्डबॉय स्टेशनकडच्या दुकानात गेला. जुन्या दंडाचे पैसे डब्यात पडून होते, त्यातूनच ती आली. इन्चार्ज सिस्टरनी पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं एक ओळ वाढवलेली दिसली : पण पुढच्यानं “आई गं” म्हटलं तर.

अक्षर कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. त्या वहीत नावाचा रकाना नव्हता.